इटलीवाला ओटा

माझ्या सासऱ्यांनी पोंभुर्ण्याच्या बाजूला, तलावाकाठच्या टेकडीवर एक बंगला बांधला. त्याचं स्वयंपाकघर बाहेर, उघड्यावर होतं आणि त्याच्यापुढं दगडी फरशीचा लांबरुंद ओटा. आसपासच्या गावांत त्याला इटलीवाला ओटा म्हणत. ते स्वयंपाकघर आणि तो ओटा मी आखला. हे फार थोड्यांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकीला ते माहीत नसतं तर मला पुढची वर्षं जरा सोपी गेली असती.

माझे वडील नागपूरला एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. शाळा सुटल्यावर ते एका ठेकेदाराकडे घरांचे नकाशे काढायचे. पेन्सिलीचं काम त्यांचं, त्यावर शाई फिरवायचं माझं. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून मी भिंती, दारं, जिने आणि मोऱ्या काढत आले. वडील म्हणायचे, नकाशा चांगला की वाईट हे रेघा पाहून कळत नाही. त्या घरातली बाई दिवसातून किती वेळा उगाच चालते ते मोजून पाहा. त्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली आणि एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न झालं.

मूल गावापर्यंत छोट्या रेल्वेनं आणि पुढं बैलांच्या दमणीत बसून मी सासरी आले, तेव्हा त्या घराची मालगुजारी जाऊन वर्ष होत आलं होतं. सहा गावं आणि तीन तलाव सरकारजमा झाले होते. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नावावर घरची शेती आणि मोठ्या तलावाकाठची टेकडी एवढंच उरलं होतं. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. मामाजी सकाळी ओसरीवर येऊन बसत. पूर्वी त्या वेळी अंगणात माणसं हात जोडून उभी असायची म्हणे. मी आले तेव्हा अंगणात कोंबड्या फिरत होत्या आणि मामाजी त्यांच्याकडे पाहत पानदान उघडायचे, मिटायचे. कोणी वाटेनं जाताना मान वळवून रामराम केला नाही तर दुपारपर्यंत घरात कोणाशी बोलत नसत.

एके दिवशी त्यांनी जेवताना सांगून टाकलं, "टेकडीवर बंगला बांधतो."

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विचारलं, "तिथं कशाला? पाणी खालून आणावं लागेल."

"तलाव माझा नाई राह्यला," मामाजी म्हणाले. "पण वरून पाहाले कोण मना करते?"

बंगला असा ठरला. तो इटलीचा झाला माझ्या दिरामुळं.

भाऊजी वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. लढाईत ते फौजेच्या सामानसुमानाच्या खात्यात कारकून होते आणि दीड वर्ष इटलीत काढून आले होते. परत आल्यावर त्यांचं कुठंच मन लागत नव्हतं. शेतीत नाही, लग्नात नाही. त्यांच्याजवळ एक रंगीत कार्ड होतं. त्यावर समुद्राकाठची टेकडी, टेकडीवर पांढरं घर, घरापुढं फरशीचं अंगण. तशाच एका घरात त्यांची तुकडी काही आठवडे राहिली होती. तिथलं स्वयंपाकघर बाहेर होतं. दगडी चौथऱ्यावर चुली, बाजूला पाव भाजायची घुमटासारखी भट्टी, वर द्राक्षाच्या वेलाचा मांडव, आणि समोर जेवायला दगडाचं लांब टेबल. तिथं बसलं की पायाखाली समुद्र दिसे.

"बाई बाहेरच रांधायची," ते म्हणाले, "आणि गाणं म्हणायची."

मी विचारलं, "तुम्ही घरात, मग ती कुठं राहायची?"

"खाली गोठ्यात. घर आम्ही घेतलं होतं ना."

त्यांनी कार्ड परत खिशात ठेवलं.

बाहेरच्या स्वयंपाकघराची कल्पना ऐकून गावातले लोक हसले असते. उघड्यावर रांधतात ते मजूर आणि वाटसरू. पण मामाजींना ती पटली, त्याला कारण होतं. आमच्या घरात मांस चढत नसे. पूर्वी शिकारीला येणारे साहेब लोक गावाबाहेर तंबू ठोकायचे आणि मामाजींना त्यांच्या तंबूत पाहुण्यासारखं जाऊन बसावं लागायचं. आता साहेब बदलले होते, बंदुका त्याच होत्या. चूल घराबाहेर असली तर सोवळंही सांभाळलं जाईल आणि साहेब लोक आपल्या दारात जेवतील. मालगुजारी गेली तरी माणूस गेला नाही, हे चांद्यापर्यंत कळेल. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत.

भाऊजींना सांगता येत होतं, काढता येत नव्हतं. एका दुपारी ते ओसरीवर कोळशानं फरशीवर रेघा मारत बसले होते आणि मामाजी वैतागून म्हणत होते, "हे घर आहे का बदक?" मी दाराआडून म्हणाले की मला काढता येईल. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला आठ महिने झाले होते आणि त्यांनी माझ्याकडे असं सरळ पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"सूनबाई, तुले येते हे?"

मी आतून कागद, पट्टी आणि पेन्सिल आणली. वडिलांनी लग्नात दिलेली पितळी कंपासपेटी मी तोवर पेटीच्या तळाशी ठेवली होती. तासाभरात मी भाऊजींच्या बोलण्यावरून ते इटलीतलं घर कागदावर उभं केलं. भाऊजी बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, जिना डाव्या हाताला होता." एवढंच. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

पण तिथलं घर इथं उचलून ठेवता येत नाही, हे मला लगेच कळलं. तिथं लोकांना ऊन हवं असतं. आमच्याकडे वैशाखात दगडावर हात ठेवता येत नाही. मी मामाजींना म्हणाले, टेकडीवर वारा कसा वाहतो, पाणी कुठून उतरतं, सावली कुठं पडते, हे वर्षभर पाहायला हवं. नाहीतर धूर पाहुण्यांच्या ताटात जाईल. मामाजींना घाई नव्हती. त्यांना दिवसभर विचार करायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी मला टेकडीवर जायची परवानगी दिली आणि सोबतीला घरी सारवणाला येणारी एक गोंडीण दिली.

आम्ही तिला नावानंच हाक मारायचो, पण ते नाव मी इथं लिहीत नाही. तिनं लिहू दिलं नसतं. ती माझ्या आईच्या वयाची. टेकडीच्या मागच्या अंगाला दहा-बारा घरांचा गोंडांचा टोला होता, तिथं राहायची. मराठी बोलायची ती मोजून, जसं आपण उसना तांदूळ मोजतो तसं.

पहिल्याच दिवशी मी रुमाल हवेत धरून वारा पाहायला लागले तेव्हा तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि परत माझ्या खांद्यावर टाकला. ओला पाला गोळा करून तिनं तीन ठिकाणी धूर केला आणि मला खाली बसवलं.

"उभी राहून नाई दिसत," ती म्हणाली. "बसून रांधशील ना? मंग बसून पाह्य."

ते वर्ष मला अजून दिवसादिवसानं आठवतं. आठवड्यातून एकदा आम्ही टेकडीवर जायचो आणि धूर करायचो. ती धुराकडे पाहायची आणि मी कागदावर बाण काढायचे. पावसाळ्यात तिनं मला पाणी कुठून धावतं ते दाखवलं. उन्हाळ्यात तिनं दगडांवर हात ठेवून सांगितलं की कुठला दगड दिवेलागणीलाच थंड होतो आणि कुठला रात्रभर तापलेला राहतो. तिच्यासोबत मी जांभळं खाल्ली, तेंदू खाल्ले. एकदा माझ्या पायात काटा मोडला तर तिनं माझा पाय मांडीवर घेऊन सुईनं तो काढला. त्या घरात मला तोवर कोणी असा हात लावला नव्हता. मी तिला वडिलांबद्दल सांगितलं. तिनं विचारलं, "कागदावर घर काढते, मंग कागदावर माणसं काऊन नाई काढत?" मी म्हणाले, नकाशात माणसं काढत नाहीत. तिला ते विचित्र वाटलं.

टेकडीच्या पूर्वेला, तलावाच्या बाजूला एक सपाट खडक होता. आखणीला ती जागा सगळ्यात चांगली. बंगला पश्चिमेला बांधला की दुपारनंतर त्याचीच सावली या खडकावर येणार होती. चुलीचा धूर बाराही महिने दरीत उतरणार होता. समोर सगळा तलाव. खडकाच्या काठाला, जिथं माती होती तिथं, एक जुना मोह उभा होता. दोघींनी हात पसरले तरी कवेत न येणारा.

तो मोह तिचा होता. आमच्याकडे जंगलातला, बांधावरचा मोह कोणी वेचायचा हे ठरलेलं असतं. सरकारच्या कागदावर नसतं, मालगुजाराच्या वहीतही नसतं, पण टोल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मोह म्हणजे दारूच असं शहरात वाटतं. तिच्या घरी चैत्रात वेचलेली फुलं वाळवून ठेवत आणि पावसाळ्यात, धान संपल्यावर, तीच उकडून खात. बियांचं तेल वर्षभर पुरे. हे झाड तिच्या सासूच्या सासूपासून त्यांच्याकडे होतं आणि टोल्यापासून इतकं जवळ होतं की ती म्हातारपणीही ते वेचू शकणार होती.

मी मोह ओट्याच्या आत घेतला. फरशीत त्याच्याभोवती गोल जागा सोडली, बसायला कट्टा काढला. उन्हाळा तापेल तेव्हा त्याला नवी पालवी आलेली असेल, मांडवाची गरजच नाही. मी कागद तिला दाखवला आणि गोलावर बोट ठेवलं.

"हा तुझा मोह."

तिनं गोलाला बोट लावलं. "एवढासाच?" म्हणाली, आणि हसली.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात बांधकाम ठरलं तेव्हा मामाजींनी चांद्याहून एक पेन्शनीत निघालेले ओवरसियर बोलावले. चांगले गृहस्थ होते. माझा नकाशा ओसरीवर पसरून त्यांनी चष्मा चढवला, उतरवला. "हे कोणी काढलं?" त्यांनी विचारलं. मामाजी म्हणाले, "घरातच काढलं." ओवरसियरांनी मान डोलावली आणि जुन्या मोहावर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"मालक, हे झाड ठेवलं तर चैत्रात ओट्यावर फुलांचा सडा पडेल. पाय ठेवाल तिथं चिकट. त्या वासावर अस्वलं येतात. साहेब लोक जेवायला बसले आणि अस्वल आलं तर?"

मामाजी म्हणाले, "बंदुका असतीन त्यायच्याजवळ," आणि हसले. मग गंभीर झाले. "दुसरं काय करता येते?"

"ओटा वीस फूट उत्तरेला सरकवा. झाड बाहेर राहील. पण मग टेकडीचा खांदा आडवा येतो, अर्धा तलाव दिसणार नाही. आणि धुराचं काही सांगता येत नाही. किंवा झाड काढा."

मी दारात उभी होते. भाऊजी खांबाला टेकून बसले होते. मामाजींनी मान वळवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सूनबाई, तुले काय वाटते?"

मी अनेक वेळा स्वतःला सांगितलं आहे की मी काही बोलले नसते तरी झाड गेलंच असतं. अर्धा तलाव दिसणारा ओटा मामाजींनी बांधला नसता. हे खरंही असेल. पण त्यांनी मला विचारलं होतं. त्या घरात भाजी कोणती करायची हेही मला कोणी विचारत नसे. ओवरसियर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होते, आणि मला त्या क्षणी ते झाड दिसत नव्हतं. मला माझा नकाशा दिसत होता. चुलीपासून टेबलापर्यंत सात पावलं, टेबलापासून कठड्यापर्यंत चार, आणि मध्ये तो गोल, ज्याला वळसा घालून प्रत्येक वेळी तीन पावलं जास्त चालावं लागणार होतं. वडिलांनी तो गोल नापास केला असता.

मी म्हणाले, "झाड गेलं तर ओटा सरळ येईल."

ओवरसियर म्हणाले, "बरोबर." मामाजी म्हणाले, "मंग झालं." मी रबरानं गोल खोडला आणि फरशीच्या रेघा त्याच्यावरून सरळ ओढल्या. हात अगदी स्थिर होता.

तिला मी सांगितलं नाही. चार-पाच वेळा ती सारवणाला आली. मी प्रत्येक वेळी उद्यावर टाकलं.

माघात, फुलं यायच्या आत, झाड पाडलं. करवतीवाले सकाळी लागले, दुपारपर्यंत ते आडवं झालं. मी गवंड्याला मापं दाखवायला भाऊजींबरोबर वर गेले होते. टोल्यात झाड पडल्याचा आवाज गेला असणार. ती वर आली. धावत नाही, नेहमीच्या चालीनं. आडव्या झाडाजवळ उभी राहिली आणि गवंड्याला म्हणाली, "कोणं सांगतलं?"

गवंडी साधा माणूस. त्यानं माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "बाईच्या कागदात तसंच हाय."

ती माझ्यापाशी आली. "दाखव."

मी कागद उघडला. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या कागदावर कुठं काय आहे हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. चुलींच्या खुणांवरून, टेबलावरून बोट नेत तिनं ते नेमक्या जागी थांबवलं. तिथं कागद थोडा खरबरीत झाला होता.

"इथी तर काईच नाई," ती म्हणाली.

मी म्हणाले, "मामाजींना पूर्ण तलाव दिसायला हवा होता."

"मामाजींनं काढला कागद?"

भाऊजी मध्ये पडले. म्हणाले, लाकडं तुला देऊ, घरी ने. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे मात्र थोडा वेळ पाहिलं, मग वळली आणि उतरून गेली. त्या दिवसानंतर ती आमच्या घरी कामाला आली नाही. दुसरी बाई लागली. मामाजींनी ती का येत नाही असं विचारलंही नाही.

बंगला पुढच्या हिवाळ्यात पुरा झाला. ओवरसियरांनी माझ्या नकाशावरून निळा नकाशा, म्हणजे ब्लूप्रिंट, करून घेतला होता आणि खाली उजव्या कोपऱ्यात स्वतःची सही केली होती. वास्तुशांत घरच्यांची झाली आणि आठ दिवसांनी साहेब लोकांचं जेवण. नागपूरहून आचारी आणला. आम्हा बायकांना त्या दिवशी टेकडीवर जायचं नव्हतं, पण ताटं आणि चांदीची भांडी लागली तेव्हा भाऊजी मला घेऊन गेले आणि बंगल्याच्या मागच्या खोलीत बसवलं. खिडकीच्या फटीतून मी ओटा पाहिला. टेबलावर पांढरी चादर होती. तीन चुली पेटल्या होत्या आणि धूर एका रेघेत दरीकडे जात होता. एकाही माणसाला डोळे पुसावे लागले नाहीत. आचारी एका जागी उभा राहून सगळं करत होता, उगाच एक पाऊल चालत नव्हता. सगळं बरोबर आलं होतं. मी ते पाहत असताना एक साहेब म्हणाले, असा ओटा आपण मुंबईकडेही पाहिला नाही, डोकं कोणाचं?

मामाजी म्हणाले, "आमच्या ओवरसियरचं."

ओवरसियरांनी हात जोडले. भाऊजी त्यांच्या शेजारीच होते. ते समुद्राची, द्राक्षाच्या मांडवाची गोष्ट सांगायला लागले आणि लोक ऐकू लागले.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

ते खाली पाहत म्हणाले, "वहिनी, परक्या पुरुषांत सुनेचं नाव कसं घ्यायचं? बाबांना खपलं नसतं."

"तुम्हाला खपलं?"

यावर ते उठून गेले. ह्यांना मी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "ओटा चांगला झाला ना? मग झालं." त्यांना खरंच त्यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि रागवायचं तर कोणावर, हे मलाच कळेना. त्या लोकांनी माझं घेतलं म्हणावं तर मी गोंडिणीचं घेतलं होतं. मला निदान तक्रार करायला माणसं होती.

मोह नाही म्हणून तिला आता टेकडीपलीकडे, नाल्याच्या वर, दाट जंगलात वेचायला जावं लागे. तिथलीही झाडं वाटलेली. जी कोणाची नव्हती ती सगळ्यात लांबची. फुलं पहाटे गळतात आणि उशीर केला की जनावरं खातात, म्हणून उजाडायच्या आत निघावं लागतं. दुसऱ्या चैत्रात अस्वलानं तिला धरलं. बरोबरच्या बायकांनी आरडाओरडा करून सोडवलं, पण डाव्या बाजूचा चेहरा आणि डोळा गेला. टोल्यातल्या माणसांनी तिला खाटेवर घालून नेलं आणि पुढं चांद्याच्या दवाखान्यात पोचवलं. आमच्या घरी ही बातमी नव्या सारवणवालीनं आणली. मामाजी ऐकून म्हणाले, "जंगलात जातात तर होणारच." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवत राहिले.

ती दोन महिन्यांनी घरी परतल्याचं कळलं तेव्हा मी गेले. एकटीच गेले, कोणाला न विचारता. तांदूळ, गूळ आणि एक नवं लुगडं बरोबर घेतलं होतं. वाटेत ते गाठोडं इतकं लाजिरवाणं वाटायला लागलं की एका झाडाखाली ठेवून द्यावं असं मनात आलं. तरी घेऊन गेले, कारण रिकाम्या हातानं जायची हिंमत नव्हती.

ती अंगणात खाटेवर बसली होती. पदर डाव्या गालावरून ओढून घेतला होता. सुनेनं मला बसायला पाट दिला. मी गाठोडं खाली ठेवलं. तिनं ते पाहिलं, पण जवळही घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. मी शेवटी म्हणाले, "माझं चुकलं."

तिनं ऐकलं की नाही कळेना. मग ती म्हणाली, "तिकडं आता कोण बसते?"

खरं तर कोणीच बसत नव्हतं. साहेब लोकांचं जेवण दोनदाच झालं. मामाजींकडून कोणाला आता काही हवं नव्हतं, त्यामुळं तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा एकच जण आला आणि तोही चहा घेऊन गेला. पाव भाजायची भट्टी एकदाही पेटली नाही. आमच्याकडे पाव करणार कोण? तिच्यात कोंबड्या अंडी घालत. मामाजी कधीमधी संध्याकाळी खुर्ची टाकून तलावाकडे तोंड करून बसायचे, तेवढंच.

मी म्हणाले, "कोणीच नाही."

"मंग काऊन तोडला?"

ती रागानं बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एका डोळ्यानं ती माझ्याकडे पाहत होती आणि उत्तराची वाट पाहत होती, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच होतं, की ओटा सरळ यावा म्हणून. ते मला तिच्यापुढं उच्चारता आलं नाही. मी उठले. निघताना तिच्या सुनेनं गाठोडं उचलून आत नेलं. घरात धान नसणार.

त्याच दिवशी मी मामाजींपुढं जाऊन उभी राहिले. टेकडीच्या मागच्या उतारावर आणखी चार मोह होते. त्यांची फुलं आमचे गडी वेचत आणि विकत. ते चारही तिच्या घराला द्यावेत, कायमचे, आणि तसं गावात सांगावं, असं मी म्हणाले.

मामाजींनी पानदान मिटलं. "सूनबाई, ती झाडं मी ठेकेदाराले देल्ली. पावसाळ्याच्या आधी तो तोडून नेईल."

"मग त्याला नाही म्हणा. अजून तोडली नाहीत."

"तुले काय कळते त्यातलं?" ते म्हणाले. "घरात पाह्य."

मी ह्यांच्याकडे गेले. हे म्हणाले, बाबांचा शब्द गेला आहे, आता नको. भाऊजी त्या वेळी घरात नव्हते. भद्रावतीला एका खाणीत कारकुनी धरून ते निघून गेले होते, आणि असते तरी काही बोलले असते असं मला वाटत नाही. चारही झाडं ज्येष्ठात गेली. ठेकेदाराच्या गाड्या आमच्या घरावरून गेल्या तेव्हा मी दार लावून घेतलं.

त्यानंतर दोन वर्षांनी ह्यांना गडचिरोलीला तहसिलीत नोकरी लागली आणि आम्ही तिकडं राहायला गेलो. ती मात्र आम्ही निघायच्या आधीच गेली होती, टोल्यात तापाची साथ आली होती त्यात. मी तिच्या मातीला गेले नाही. आमच्या घरून कोणी जाण्याचा प्रश्नच नव्हता, असं तेव्हा मी स्वतःला समजावलं. गडचिरोलीला शेजारच्या एका मास्तरीणबाईंनी मुलींना ड्रॉइंग शिकवाल का म्हणून विचारलं, आणि मी हो म्हणाले. एकवीस वर्षं शिकवलं. फळं, पानं, सुरई, मोर, बसलेली माणसं, उभी माणसं, सगळं शिकवलं. मुली एखाद वेळी घराचा नकाशा शिकवा म्हणायच्या. मी त्यांना सांगायचे की ते मला येत नाही.